कल्लोळात आतला आवाज कसा ऐकावा

शांत जागी जा, डोळे मिटा आणि मनाला प्रश्न विचारा, असा सल्ला देणाऱ्यांनी तो पुराच्या आठवड्यात स्वतः पाळून पाहिलेला नसावा. संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जाऊन बसा, असे सांगणाऱ्यांनी तर तिथली भेळेच्या गाड्यांसमोरची गर्दीही पाहिलेली नसते. पाच मिनिटांत कोणीतरी ओळखीचे भेटते आणि आपल्या मनाऐवजी त्यांच्या जावयाच्या बदलीची हकिगत ऐकावी लागते. बसायचेच असेल तर पहाटे बसावे, आणि तेही जमत नसेल तर न्हाणीघराचे दार लावून घेतले तरी चालते.

सुरुवात मात्र बसण्यापासून करू नये. जे मोजता येते ते आधी बाजूला काढावे, कारण त्याविषयी मनाला विचारणे हा शुद्ध आळस आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये मलाही ते पाठ होते. तरीही पाणी 43 च्या पुढे गेल्यावर मी घर सोडले नाही, कारण ‘आपल्याकडं कुटं येतंय पाणी’ असे आतून अगदी स्पष्ट ऐकू येत होते. पुढे पातळी 55 फुटांच्याही वर गेली. आईला खुर्चीसकट उचलून बोटीत बसवावे लागले आणि तिने हट्टाने घेतलेला दुधाचा कुकर वल्हवणाऱ्या मुलाच्या पायाशी लवंडला. ज्याचे उत्तर आकड्यात मिळते, तिथे आकडाच ऐकावा. पैशांचे, औषधांचे आणि तारखांचेही तसेच आहे.

यानंतर जे उरते, म्हणजे कोणाकडे जावे, काय सोडावे, कोणाशी बोलावे, ते आतल्या आवाजाचे क्षेत्र. पाच मिनिटे श्वास संथ करावा, मिनिटाला साधारण सहा, आणि घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून हे लागू पडते. मग कागद घेऊन, मोबाइलवर नव्हे, डोक्यात फिरणारी वाक्ये जशीच्या तशी उतरवावीत.

खरी अडचण इथून पुढे आहे आणि तिने मला दोनदा फसवले आहे. कागदावर दहा-बारा वाक्ये जमतात आणि त्यांतले प्रत्येक जण आपणच आतला आवाज असल्याचा दावा करते. सगळ्यांत मोठ्याने बोलणारे वाक्य खरे मानण्याची चूक बहुतेक जण करतात. मीही केली. पूर ओसरल्यावर, भिंतींवरची गाळाची रेघ अजून ओली असताना, रात्री दोन वाजता मला ‘हे बुडकं घर इकून टाक’ असे इतक्या ठामपणे ऐकू आले की पंधरा दिवसांत मी इसार घेऊन मोकळा झालो. महिन्याभराने तो परत करताना खाली घातलेली मान मला अजून आठवते.

त्या वेळचा कागद नंतर पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आले की ‘बुडकं’ हा माझा शब्दच नाही. तो माझ्या चुलत्यांचा. ‘कुटं येतंय पाणी’ हे तर वडिलांचे वाक्य, 2005 च्या पुरात पाणी गल्लीच्या तोंडाशी थांबले तेव्हापासूनचे. तेव्हापासून मी प्रत्येक वाक्यासमोर ते मुळात कोणाचे आहे त्याचे नाव लिहितो: वडील, चुलते, शेजारी, सकाळी वाचलेला मेसेज. वाक्य खोटे आहे असे त्यामुळे ठरत नाही; ते उसने आहे एवढेच कळते, आणि उसन्या गोष्टीचा मालक आपण नसतो. ज्यांच्यासमोर कोणाचेच नाव येत नाही, अशी एक-दोन वाक्ये शेवटी उरतात. ती सहसा लहान, रटाळ आणि गैरसोयीची असतात. माझ्या कागदाच्या कोपऱ्यात तेव्हाही एक वाक्य होते: ‘आईला विचारलेले नाही.’ त्यात भविष्य नव्हते, धीर नव्हता, काही भव्यही नव्हते, म्हणून मी ते वगळले होते.

दुसरी खूण अशी की भीती घाई करते आणि काम दुसऱ्यांना सांगते. आतला आवाज काम आपल्यालाच लावतो. गांधीजींनी 8 मे 1933 रोजी येरवड्याच्या तुरुंगात 21 दिवसांचे उपोषण सुरू केले, तेव्हा त्यामागे आतला आवाज असल्याचे सांगितले होते. त्याविषयी कोणाचे मत काहीही असो, पण उपाशी त्यांनाच राहायचे होते. ‘तिला धडा शिकव’ किंवा ‘त्यांना दाखवून दे’ असे म्हणणारा आवाज मी तरी या यादीतून सरळ खोडतो. आणि जगण्यात अर्थ नाही असे म्हणणारा आवाज असेल, तर त्याच्याशी एकट्याने कागदावर वाद घालत बसू नये. घरच्या कोणाला तरी उठवावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा.

उरलेले वाक्य रात्र जाऊ देऊन सकाळी पुन्हा वाचावे. तेच राहिले तर त्याप्रमाणे करावे, मात्र प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नये. हवे तेच उत्तर येईपर्यंत देवापुढे कौल लावत राहणारे लोक आपण पाहतोच.

इसार परत केल्यावर मी आईला विचारले. घर राहू दे, पण पावसाळ्यात मला बहिणीकडे पाठव, असे ती म्हणाली. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढू लागले, तेव्हा 39 फुटांची बातमी येण्याआधीच ती मावशीच्या घरी पोचली होती. या खेपेस दुधाचा कुकर रिकामा करून, पिशवीत घालून.