उंबराखाली एक दिवस: पंगतीचा हिशेब कसा ठेवावा

आधी फळं पिकायला लागलेला उंबर शोधा. ओढ्याकाठी, बांधावर किंवा दत्ताच्या देवळापाशी तो सापडतोच. सोबत वही, पेन्सिल आणि साधं भिंग घ्या.

बसण्याआधी नुकताच रंग बदलू लागलेली दोन-चार फळं फोडा. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण शेकडो फुलं फळाच्या पोटातच असतात. आत वळवळणारी केंबरं, म्हणजे उंबरातले बारीक कीटक, बघून फळ फेकू नका. झाडाचा वंश त्यांच्यावरच चालतो. केंबराची मादी फळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरते, सहसा तिथेच पंख गमावते, आणलेले पराग फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर भुयार कोरतात. त्यातून माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. आता फळाची साल भिंगातून पाहा. लांब सुईसारखा अवयव बाहेरूनच खुपसणारे कीटक दिसले, तर ते फुकटे: अंडी घालतात, पराग आणत नाहीत. पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या त्यांना पकडतात आणि नकळत झाडाची राखण करतात.

उजाडताना झाडापासून जरा लांब बसा. वहीत तीन रकाने आखा: कोण आलं, कुठे बसलं, कुणी कुणाला हुसकलं. तांबट, बुलबुल, कोकीळ, धनेश येतील. उंबराची फळं खोडालाही लगडतात, म्हणून खारीची नोंद बुंध्यापासूनच सुरू करा. भांडण वाटतं त्यापेक्षा कमी दिसेल. उंची आणि वेळ वाटून घेतली जाते.

हरियाल आला तर वेगळी खूण करा. आपला राज्यपक्षी, देखणा, पण त्याची पेषणी, म्हणजे पोटातली दाणे भरडणारी पिशवी, बहुतेक बिया भरडून टाकते. कोकिळेच्या विष्ठेतून त्या धड बाहेर पडतात. फळ एकच, पण झाडाच्या दृष्टीने दोन्ही पाहुणे सारखे नाहीत. मला ही नोंद सगळ्यात मोलाची वाटते.

अंधार पडल्यावर परत या. वटवाघळं फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेऊन खातात, त्यामुळे बी लांब जातं. टॉर्च त्यांच्यावर रोखू नका, पंखांचा आवाज पुरतो.

दुसऱ्या दिवशी आसपासच्या भिंती, जुन्या विहिरीचे कठडे तपासा. फटीत उंबराचं रोप दिसलं, तर वर मान करून बघा, तिथे कुणाची बसायची जागा आहे.