बेअरिंग हाउसिंग काढता काढता पार्ट मॉडेलिंग

मे महिन्यात माझी भाची सुट्टीत नाशिकला माझ्याकडे राहायला आली होती. मेकॅनिकल डिप्लोमाचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. कॉलेजात थ्रीडी पार्ट मॉडेलिंग, म्हणजे मशिनचा सुटा भाग कॉम्प्युटरवर घन आकारात उभा करणं, शिकवलं होतं, पण तिला जमत होतं ते एवढंच: पुस्तकातला आकार बघायचा आणि स्क्रीनवर तसाच दिसेपर्यंत कमांडी मारायच्या. मी अंबडच्या एमआयडीसीत सतरा वर्षं डिझाइनचं काम करतेय. तिला म्हटलं, आपण एकच पार्ट काढू, पण उद्या सकाळी लेथवर (कातकामाच्या मशिनवर) चढणार आहे असं समजून काढू. त्या चार संध्याकाळींत जे केलं तेच इथे लिहिते आहे.

सॉफ्टवेअर फ्रीकॅड घेतलं, कारण ते फुकट आहे आणि तिच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. १.० किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या, त्याआधीची नको. कारण पुढे येईलच. कॉलेजात सॉलिडवर्क्स असेल तर फक्त नावं बदलतात. इथलं पॅड (सपाट आकृतीला जाडी देऊन उचलणं) म्हणजे तिथलं बॉस एक्स्ट्रूड, इथलं पॉकेट (आकृतीच्या आकारात कापून काढणं) म्हणजे तिथलं कट एक्स्ट्रूड. विचार तोच.

पार्ट घेतला ६२०४ बेअरिंगचं हाउसिंग, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं ते घर. हे बेअरिंग आतून २०, बाहेरून ४७ आणि जाडीला १४ मिलिमीटर असतं. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. शक्य असेल तर एक विकत आणा आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवा. हातात वस्तू असली की आकडे नुसते आकडे राहत नाहीत.

हाउसिंगची मापं अशी: ९० बाय ९० ची चौकोनी प्लेट, जाडी १२. तिच्यावर मधोमध ६० व्यासाचा गोल उंचवटा, म्हणजे बॉस. एकूण उंची २५. बॉसच्या तोंडाकडून ४७ चा बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं गोल भोक, १४ खोल. त्याखाली ४० चं आरपार भोक, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला टेकायला साडेतीन मिलिमीटरची पायरी राहते. चार कोपऱ्यांत एम ८ बोल्टसाठी ९ ची भोकं, एकमेकांपासून ७० वर. प्लेटच्या कोपऱ्यांना आर १०, म्हणजे १० त्रिज्येची गोलाई. माल एमएस, म्हणजे माइल्ड स्टील.

कॉम्प्युटर उघडण्याआधी मी तिला कागदावर हाताने हे काढायला लावलं. चित्र सुबक यायची गरज नाही. त्या कागदावर एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: या पार्टचा मालक कोण? म्हणजे कुठल्या जागेवरून बाकीची सगळी मापं निघतात? इथे तो बोअरचा मध्य आहे. शाफ्ट तिथून जाणार, बोल्टची भोकं त्याच्याशी जुळणार. आमच्याकडचे लेथवरचे काका चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब बांधतात तेव्हा डायल लावून हाच मध्य पकडतात. म्हणून मॉडेलचा ओरिजिन, शून्य-शून्यचा बिंदू, बोअरच्या मध्यावरच हवा. भाची आधी प्लेटचा खालचा डावा कोपरा शून्यावर ठेवून बसली होती. चुकीचं नाही ते, पण मग प्रत्येक माप ४५ मिळवून वजा करून लिहावं लागतं, आणि तिथेच चुका शिरतात.

आता फ्रीकॅडमध्ये पार्ट डिझाइन वर्कबेंच निवडा, नवी बॉडी घ्या, एक्सवाय प्लेनवर, म्हणजे आडव्या पातळीवर, नवं स्केच (सपाट आकृती) उघडा. एक आयत काढा, कसाही, अंदाजे. नेमकेपणा आकार काढताना द्यायचा नसतो, नंतर बंधनं घालून द्यायचा असतो. या बंधनांना तिथे कन्स्ट्रेंट म्हणतात. पार्ट मॉडेलिंगमध्ये खरं शिकायचं काही असेल तर ते हेच, म्हणून इथे घाई करू नका.

भाचीने आयत काढला, डायमेन्शनचं बटण घेतलं (कीबोर्डवर डी), रुंदीला ९० दिलं, उंचीला ९० दिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मावशी, दोन्ही मापं दिली. तरी हिरवं का होत नाही?"

म्हटलं, "कोपरा धरून ओढ."

तिने माउसने कोपरा ओढला, आणि अख्खा चौकोन स्क्रीनभर सरकत गेला. आकार पक्का, जागा मोकळी. डावीकडच्या पॅनेलवर लिहिलेलं होतं की अजून दोन डिग्री ऑफ फ्रीडम शिल्लक आहेत. हे दोन म्हणजे काय ते तिने हाताने अनुभवलं: आडवं सरकणं आणि उभं सरकणं. मग समोरासमोरचे दोन कोपरे निवडायचे, शेवटी ओरिजिनचा बिंदू निवडायचा आणि सिमेट्रिक बंधन द्यायचं. एका बंधनात दोन्ही सरकणी बंद. सगळ्या रेषा हिरव्या झाल्या.

स्केच हिरवं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. रेषा का हिरवी होत नाही कळत नसेल तर तीच युक्ती: बिंदू धरून ओढा. जे हलतं तिथे बंधन कमी आहे. याच्या उलटही घडतं. घाबरून एकच माप दोन ठिकाणी दिलं की सॉफ्टवेअर रिडंडंट म्हणून ओरडतं. अशा वेळी शेवटचं दिलेलं बंधन काढून टाका आणि विचार करा, हे माप दुसऱ्या कुठल्या बंधनातून आधीच मिळत होतं का? ड्रॉइंगवरही तसंच असतं. एक माप एकदाच लिहायचं, नाहीतर एक बदलतं आणि दुसरं तसंच राहतं.

स्केच बंद करा, पॅड घ्या, १२ द्या. प्लेट झाली.

बॉससाठी बहुतेक सगळे प्लेटच्या वरच्या पृष्ठभागावर स्केच काढून १३ ने वाढवतात. मी तसं करत नाही. मी पुन्हा एक्सवाय प्लेनवरच ओरिजिनला धरून ६० चं वर्तुळ काढते आणि सरळ २५ ने पॅड करते. प्लेटमधला भाग प्लेटमध्येच मिसळून जातो. एक तर ड्रॉइंगवर २५ लिहिलंय, १३ कुठेच लिहिलेलं नाही. उद्या प्लेट १२ ची १५ झाली तरी एकूण उंची २५ च राहिली पाहिजे, कारण शाफ्टची जागा त्यावर ठरलेली आहे. १३ देऊन बसलात तर उंची २८ होईल आणि ते असेंब्लीपर्यंत, म्हणजे सगळे भाग जोडेपर्यंत, कुणाच्या लक्षात येणार नाही. दुसरं कारण सॉफ्टवेअरचं. फ्रीकॅड प्रत्येक पृष्ठभागाला आतून नंबर देतं. जुन्या आवृत्त्यांत मॉडेलमध्ये काही बदललं की हे नंबर इकडचे तिकडे व्हायचे आणि वरच्या पृष्ठभागावर बसवलेलं स्केच भलत्याच बाजूला जाऊन चिकटायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हे दुखणं बरंच कमी झालं. तरी मूळ प्लेनवर जे बसवता येतं ते तिथेच बसवायची सवय कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उपयोगी पडते.

४० चं आरपार भोकही एक्सवाय प्लेनवरच्या स्केचमधून. वर्तुळ काढा, पॉकेट घ्या, थ्रू ऑल (आरपार) निवडा. इथे नवशिका हमखास अडकतो, कारण काहीच कापलं जात नाही. पॉकेट स्केचच्या मागच्या दिशेला जातं, म्हणजे इथे खाली, आणि आपलं सगळं मटेरियल वर आहे. रिव्हर्स्डवर टिक करा, भोक पडेल.

४७ चा बोअर मात्र बॉसच्या वरच्या पृष्ठभागावर स्केच काढूनच करा. आत्ताच सांगितलेला नियम मी इथे मुद्दाम मोडते, कारण काका खोली मोजणार ती बॉसच्या तोंडावरूनच, आणि बॉसची उंची बदलली तरी बोअर १४ खोलच हवा. मॉडेलमधलं माप तिथूनच सुरू व्हावं, जिथून वर्कशॉपमध्ये व्हर्नियर (मोजायचं साधन) लागणार आहे. वर्तुळाला माप व्यासाचंच द्या. त्रिज्येच्या चौकटीत ४७ गेलं तर ९४ चं भोक पडेल.

आणि ४७ म्हणजे ४७ च लिहा. भाचीने विचारलं, "फिट बसायला थोडं जास्त नको का?" हवं, पण ते टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात किती फरक चालेल त्या मर्यादेत. ड्रॉइंगवर ४७ एच ७ लिहिलं की त्याचा अर्थ ४७.००० ते ४७.०२५ असा होतो. मॉडेलमध्ये ४७.०१ करून ठेवलंत तर पुढच्या माणसाला कळणारच नाही, हे मुद्दाम केलंय की चुकून.

बोल्टच्या भोकांसाठी प्लेटच्या वरच्या पृष्ठभागावर एकच वर्तुळ, कोपऱ्याजवळ. त्याचं माप कुठून द्यायचं? प्लेटच्या कडेपासून १०, की मध्यापासून ३५? आकडेमोड तीच येते, अर्थ वेगळा. ही भोकं समोरच्या फ्रेमवरच्या भोकांशी जुळायची आहेत. फ्रेमला प्लेटच्या कडेशी देणंघेणं नाही. म्हणून दोन्ही अक्षांपासून ३५. मग प्लेट १०० ची केली तरी भोकं जागची हलत नाहीत.

भोक पाडायला पॉकेटऐवजी होल कमांड वापरा. तिथे एम ८ आणि क्लिअरन्सचा स्टँडर्ड फिट निवडला की ९ आपोआप येतं. खोलीला इथेही थ्रू ऑल. उद्या ॲलन बोल्टसाठी काउंटरबोअर (बोल्टचं डोकं आत बसायला रुंद खाच) हवा झाला तर त्याच चौकटीत मिळतो. मग पोलर पॅटर्न, म्हणजे तेच भोक गोलाकार फिरवून पुन्हा पुन्हा, झेड अक्षाभोवती, ३६० अंशांत ४. भोकांची मांडणी चौरस आहे म्हणून हे चालतं. ७० बाय ५० अशी आयताकृती असती तर मिरर करावं लागलं असतं.

फिलेट (कडेची गोलाई) आणि चॅम्फर (कडेचा तिरपा काप) अगदी शेवटी. आधी घातले तर त्यांच्या कडा पुढच्या कामात तुटतात आणि मॉडेलच्या झाडात, म्हणजे डावीकडच्या पायऱ्यांच्या यादीत, लाल खुणा येतात. प्लेटच्या चार उभ्या कडांना आर १०, म्हणजे त्या गोलाईचा मध्य आणि भोकाचा मध्य एकच होतो. बॉस प्लेटला मिळतो तिथे आर ३. बोअरच्या तोंडाला १ चा चॅम्फर, बेअरिंग सरळ आत जायला. बॉसच्या बाहेरच्या कडेलाही १.

आणि बोअरच्या तळाचा कोपरा? इथे मी थांबले, आणि तिला माझी गोष्ट सांगितली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी असंच एक हाउसिंग काढलं होतं. शेवटी सगळ्या कडा एकापाठोपाठ क्लिक करत गेले आणि सगळीकडे आर २ देऊन टाकला, बोअरच्या तळालाही. स्क्रीनवर फार छान दिसत होतं. मशिनवरचा प्रोग्राम मॉडेलवरून झाला, वीस नग तयार झाले. असेंब्लीत बेअरिंग तळाला टेकेचना. ६२०४ च्या बाहेरच्या कडेची गोलाई १ मिलिमीटरच्या आसपास असते. कोपऱ्यात २ ची गोलाई ठेवली की बेअरिंग त्या गोलाईवरच चढून बसतं. फिटरने फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती खालून आत सरकवून मला दाखवली. ती पाती आत जातानाचा आवाज मला अजून आठवतो. वीसही नग पुन्हा लेथवर बांधून कोपरे साफ करावे लागले, आणि ते काम ज्यांनी केलं त्यांचा रविवार गेला.

तेव्हापासून मी फिलेट एकेक कड बघून देते. या कोपऱ्याला मी मॉडेलमध्ये काहीच देत नाही, ड्रॉइंगवर "आर ०.८ कमाल" असं लिहिते. टूलच्या टोकाची गोलाई तेवढी राहतेच.

झाडातल्या प्रत्येक पायरीला नाव द्या: प्लेट, बॉस, आरपार, बेअरिंग सीट, बोल्ट भोकं. पॅड००१, पॅड००२ असं ठेवलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

मॉडेल बरोबर आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका, वजन काढा. प्लेटचं घनफळ अधिक बॉसचं, वजा भोकांचं, हे वहीत हाताने करा. साधारण ९२ घन सेंटिमीटर येतात. स्टीलची घनता ७.८५ धरली तर ७२० ग्रॅमच्या आसपास. सॉफ्टवेअरचा आकडा याच्याजवळ नसेल तर कुठेतरी त्रिज्या-व्यासाची गफलत आहे किंवा एखादं भोक पडलेलंच नाही. भाचीचं पहिलं उत्तर थोडं जास्त, ७३५ ग्रॅमच्या आसपास आलं. शोधलं तर होल कमांडमध्ये खोली ५ राहिली होती. वरून बघताना चारही भोकं अगदी व्यवस्थित दिसत होती.

ड्रॉइंग काढायला टेकड्रॉ वर्कबेंच आहे. आपल्याकडे फर्स्ट अँगल (ड्रॉइंगवर बाजूची दृश्यं मांडायची एक पद्धत) चालतो, सेटिंगमध्ये तोच आहे ना ते बघून घ्या. आणि बाहेर व्हीएमसीवाल्याला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनवाल्याला) द्यायचं तर स्टेप फाइल, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं मॉडेल, सोबत ड्रॉइंगची पीडीएफ. नुसती स्टेप कधीच नाही, कारण टॉलरन्स त्यात दिसत नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी तिला एक काम दिलं, तुम्हीही करून बघा. गिऱ्हाइकाने शाफ्ट २० चा २५ केला, आता ६२०५ बेअरिंग बसणार: आतून २५, बाहेरून ५२, जाडी १५. नवीन काही काढायचं नाही, फक्त आकडे बदलायचे. बोअर ५२, खोली १५, आरपार भोक ४५, बॉस ६५. तिने एकेक आकडा टाकला, प्रत्येक वेळी श्वास रोखून झाडाकडे बघितलं. चौथा आकडा टाकून एंटर मारलं. कुठेही लाल खूण आली नाही, चॅम्फर नव्या बोअरच्या तोंडावर जाऊन बसला, चार भोकं जागची हलली नाहीत. तिने फाइल सेव्ह केली, आणि टेबलावरचं ६२०४ उचलून म्हणाली, "मावशी, उद्या हे दुकानात बदलून मिळेल का?"