एचडी कनेक्शन घेताय? आधी टीव्हीच्या मागे बघा

अकरा वर्षं मी लोकांच्या छतांवर टीव्हीच्या छत्र्या, म्हणजे डिश, बसवल्या. मग गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा पुढची चार वर्षं त्याच धंद्यात तक्रारींचे फोन घेतले. त्यामुळे "कुणाचं कनेक्शन घेऊ?" हा प्रश्न ओळखीतले सगळे मलाच विचारतात. मी कंपनीचं नाव सांगत नाही. म्हणतो, आधी टीव्हीच्या मागे कुठली वायर लावलीय ते बघून या.

त्याला कारण आहे. एका घरी तक्रार होती की एचडीचे पैसे भरून सात महिने झाले, तरी चित्र धूसरच. काका वैतागलेले, कंपनी बदलायच्या बेतात. मी टीव्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढला तर मागे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी वायर. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही, मग डबा (सेट-टॉप बॉक्स) कितीही महागाचा असो. जुन्या टीव्हीची वायर नव्याला खोचून आमच्यातलाच कुणीतरी निघून गेला होता. एचडीएमआय वायर डब्याच्या खोक्यात, पिशवीसुद्धा न फोडलेली. ती लावली, मग डब्याच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे आउटपुट अजून जुन्या चित्राच्या ५७६ वरच होतं, ते एचडीचं १०८० केलं. काकू आतून आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा बातम्या देणारा दाढी न करताच येतो की!"

म्हणजे कंपनी बदलायची गरजच नव्हती. तुमच्याकडेही तसंच नाही ना, एवढं पाहून घ्या आणि मगच पुढे वाचा.

आता मोजपट्टी काढा. पूर्ण एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, एकूण वीस लाखांवर. जुन्या ७२० बाय ५७६ च्या चित्राच्या बरोबर पाचपट. पण ते ठिपके डोळ्यांना दिसायला तर हवेत. ढोबळ हिशोब असा की पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसलं तर एचडीचं चीज होतं, आणि सहापटीच्या पलीकडे गेलं की जुनं कुठलं नि नवं कुठलं हे ओळखणं अवघड. ३२ इंची टीव्हीची उंची साधारण ४० सेंटीमीटर. तो पलंगावरून तीन मीटरवरून बघत असाल, तर आधी पलंग सरकवा किंवा टीव्ही मोठा घ्या; कनेक्शनचं नंतर बघू.

मग वही घ्या. घरातल्या माणसांनी गेल्या पंधरा दिवसांत खरोखर काय पाहिलं ते लिहा. काय बघायला आवडेल ते नको, काय पाहिलं तेच. माझी भाची नव्या घरात गेली तेव्हा तिला हेच करायला लावलं. "मामा, मी तर पन्नास तरी चॅनेल बघते," म्हणाली. वहीत अकरा भरले. त्या अकराची यादी घेऊन प्रत्येक कंपनीकडे जायचं आणि एकेका नावापुढे विचारायचं: हे एचडीत येतं का, आणि कुठल्या पॅकमध्ये? हा दुसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. तीन आवडते चॅनेल तीन वेगळ्या पॅकमध्ये विखुरलेले असतात आणि बिल तिथेच फुगतं. जाहिरातीतल्या "दीडशे एचडी चॅनेल"च्या आकड्याला भुलू नका. त्यात एकाच चॅनेलच्या दोन-तीन भाषांच्या आवृत्त्या, तासाभरानं तेच पुन्हा दाखवणारे चॅनेल, मागवून बघायचे सिनेमे, असं सगळं मोजलेलं असू शकतं. फोनवर बसायचो तेव्हा हेच ऐकायचो: एवढे चॅनेल दिलेत, पण मला हवं ते खेळाचं चॅनेल साध्यातच दिसतंय.

नावात एचडी असलं म्हणजे चित्र एचडी असतंच असंही नाही. काही चॅनेल जुने कार्यक्रम नुसते ताणून दाखवतात. ओळखायची खूण सोपी आहे. कोपऱ्यातलं बोधचिन्ह आणि खालची अक्षरांची पट्टी धारदार, पण माणसांचे चेहरे मऊ मेणासारखे दिसत असतील तर ते ताणलेलं चित्र. यात कंपनीचा दोष नाही, तो चॅनेलवाल्यांचा. कंपनीचा हात जिथे असतो ती गोष्ट म्हणजे बिटरेट, म्हणजे चॅनेलच्या वाट्याला सेकंदाला किती डेटा येतो ते, आणि नेमकं तेच कुठल्या पत्रकावर छापलेलं नसतं.

एका नळावर किती घागरी लावायच्या, असा तो मामला आहे. उपग्रहावर सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रं असतात, त्यांना ट्रान्सपाँडर म्हणतात; अशा एकाची क्षमता ठरलेली असते. त्यावर पाच एचडी चॅनेल बसवायचे की दहा, हे कंपनी ठरवते. जास्त बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी. चित्र किती कसून दाबता येतं हे त्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं. जुन्या एमपेग-२ ला बरीच जागा लागायची, २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ चं जवळपास निम्म्यात भागतं, आणि २०१३ च्या एचईव्हीसीचं त्याच्याही निम्म्यात. एच.२६४ मध्ये एचडी चॅनेलला सेकंदाला ६ ते १० मेगाबिट मिळाले तर चित्र टिकतं. तीनवर आणलं की मॅचमध्ये कॅमेरा वळला रे वळला, गवताचा हिरवा चिखल होतो. म्हणूनच विचारा की डबा नवा आहे की परत आलेला आणि एचईव्हीसी चालतं का. उद्या कंपनीनं पद्धत बदलली तर जुन्या डब्यावर ते चॅनेल दिसणारच नाहीत.

बिटरेट कुणी सांगत नाही, तर तो डोळ्यांनी तपासायचा. दुकानात नव्हे. तिथे टीव्हीवर फुलं आणि पोपट फिरत असतात, ती मुद्दाम बनवलेली फिल्म असते, चॅनेल नसतो. ज्याच्याकडे ते कनेक्शन आहे अशा माणसाच्या घरी, आणि शक्यतो तुमच्याच इमारतीतल्या, संध्याकाळी जाऊन बसा. चालू मॅच लावायला सांगा. चेंडूमागे कॅमेरा धावतो तेव्हा प्रेक्षकांकडे बघा: माणसं दिसतात की रंगीत चौकोन? मग एखादं अंधारं दृश्य. काळ्या भिंतीवर पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसले तर समजा की चित्र फार दाबलंय. वाहतं पाणी किंवा उडणारे कागदाचे कपटे दिसले तर उत्तमच, दाबलेल्या चित्राचं पितळ तिथे उघडं पडतं. भाचीनं दोन घरी जाऊन असं पाहिलं. ज्या कंपनीची जाहिरात ती गुणगुणत होती, तिचं नाव त्या संध्याकाळी वहीतून खोडलं.

आता चित्र घरात येतं कुठून, ते. छत्रीबद्दल थोडं जास्त सांगतो, माझं पोट त्यावरच चाललं.

हे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. म्हणून उत्तर गोलार्धात छत्रीचं तोंड दक्षिणेकडच्या आकाशाला, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. त्या दिशेला आकाश मोकळं हवं. समोर इमारत असेल तर विषय तिथेच संपला. भाचीच्या बाबतीत तो तसाच संपला. झाड असेल तर मात्र फसगत होते, आणि मी स्वतः फसलोय. एका घरी छत्री लावली तेव्हा समोरचं झाड पार निष्पर्ण होतं. मीटरवर सिग्नल फर्स्टक्लास, मी खूश, घरचे खूश. तीन महिन्यांनी त्याच घरातून फोन आला की सगळे चॅनेल फुटतायत. गेलो तर झाडाला भरघोस पालवी. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते. ओलं पान त्यांना भिंतीसारखं अडवतं. छत्री काढून पार दुसऱ्या टोकाला लावावी लागली. तेव्हापासून छतावर चढलो की आधी झाड कुठलं आहे ते बघायचो.

पावसाचंही तेच. जोराच्या सरीत चित्र चौकोन-चौकोन होऊन थांबतं आणि अनेकदा साधे चॅनेल चालू असताना एचडी आधी जातात, कारण एचडीसाठी वापरलेल्या दाट पद्धतीला सिग्नल अधिक स्वच्छ लागतो. लोक म्हणायचे, एचडीत फसवलं. फसवणूक नव्हे, छत्री लहान पडते. ६० सेंटीमीटरऐवजी ९० ची घेतली तर पृष्ठभाग सव्वादोन पट होतो आणि बऱ्याचशा सरी निभावून जातात. पाऊस दणकून पडणाऱ्या भागात राहत असाल तर मोठ्या छत्रीबद्दल आधीच विचारा. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास काही दिवस, काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि सिग्नल जातो. त्यासाठी फोन करू नका, तो पलीकडचा बिचाराही काही करू शकत नाही.

केबलला पावसाचं फारसं काही नाही. तिथे सगळी मदार इमारतीतल्या वायरवर. एका वायरीतून दोन टीव्हींना फाटा दिला की प्रत्येकाला निम्म्याहून थोडा कमीच सिग्नल मिळतो, आणि मी अशा इमारती पाहिल्यात जिथे फाट्याला फाटा, त्याला पुन्हा फाटा, तोही चिकटपट्टी गुंडाळून. केबल घेणार असाल तर तुमच्या घरापर्यंत नवी, अखंड वायर टाकून देणार का, एवढंच विचारा. भाचीनं विचारलं, त्यांनी टाकून दिली, तिचं छान चाललंय.

इंटरनेटवरून घेताना दोन प्रकार आहेत आणि विकणारे ते मुद्दाम एकत्र सांगतात. एकात कंपनी स्वतःच्याच लाइनवरून चॅनेल पाठवते आणि त्यासाठी जागा राखून ठेवते. दुसरं म्हणजे नुसतं ॲप, तुमच्या नेटच्या भरवशावर. एका एचडी चॅनेलला सेकंदाला ५ ते ८ मेगाबिट धरा, दोन टीव्ही असतील तर दुप्पट. ६ मेगाबिटनं रोज चार तास पाहिलं तर महिन्याला सुमारे ३२५ गिगाबाइट होतात; तुमच्या प्लॅनला मर्यादा असेल तर हा आकडा तिच्याशेजारी लिहून बघा. डबा वायफायवर नको, वायरनं जोडा. आणि मॅचवाल्यांसाठी एक सूचना: ॲपवरचं थेट प्रक्षेपण अर्धा मिनिटसुद्धा मागे असू शकतं. शेजारच्या घरातून आधी आरडाओरडा ऐकू येईल, गोल मग तुमच्याकडे होईल. छत्रीवाल्यांच्या लहरींना मात्र उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला पाव सेकंदच लागतो.

साध्या अँटेनावर फुकट एचडी चॅनेल मिळण्याची सोय असेल तर तीही तपासा. वहीतली चार-पाच नावं तिथेच निघाली, तर विकतचं पॅक लहान घेता येतं. आमच्या धंद्यातलं कुणी हे आपणहून सांगणार नाही.

रेकॉर्डिंग हवं असेल तर डब्यात ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारे भाग, किती ते विचारा. एकच असेल तर एक चॅनेल रेकॉर्ड होताना दुसरं बघता येत नाही. ८ मेगाबिटच्या चॅनेलचा एक तास म्हणजे साधारण साडेतीन गिगाबाइट, म्हणजे ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर सव्वाशे तास तरी मावतात. पण हे रेकॉर्डिंग सहसा त्या डब्यापुरतंच चालतं. कंपनी सोडली की ते गेलं. फोनवर एक बाई अक्षरशः रडल्या होत्या. लेकीचा टीव्हीवरचा कार्यक्रम त्या डब्यात होता आणि डबा परत गेला होता.

कराराचं थोडक्यात. पहिल्या काही महिन्यांचा दर सोडा, त्यानंतरचा विचारा. डबा तुमचा की कंपनीचा, मधेच सोडलं तर काय भरावं लागेल, घर बदललं तर छत्री हलवायचा खर्च कुणाचा, महिनाभर बाहेर गेलात तर बंद ठेवता येतं का, आणि दुसऱ्या टीव्हीला वेगळा डबा आणि वेगळं भाडं का. उत्तरं तोंडी घेऊ नका, मेसेजवर मागवा. तक्रार केंद्रात आम्हाला समोरच्या पडद्यावर जे लिहिलेलं दिसायचं तेवढंच खरं होतं. विकणाऱ्यानं काय कबूल केलं होतं ते तिथे कधीच नसायचं.

बसवायला माणूस येईल त्या दिवशी घरी थांबा. त्याच्याकडून एचडीएमआय वायर लावून घ्या, आउटपुट १०८० वर आहे हे पडद्यावर बघा. सिग्नलचं पान उघडायला लावा; तिथे दोन आकडे असतात, त्यातला 'क्वालिटी'चा बघा, 'स्ट्रेंथ'चा नुसता दाखवायला बरा असतो. मग वहीतले अकराच्या अकरा चॅनेल एकेक करून लावायला सांगा. तो घाई करेल. मीही करायचो. "इथे सही करा, राहिलेले चॅनेल तासाभरात आपोआप येतील," हे वाक्य मी किती घरांत म्हटलंय त्याची गणती नाही, कारण दिवसाला आठ घरं असायची आणि जिना उतरेपर्यंत नवव्याचा फोन आलेला असायचा. त्याला पाणी द्या, खुर्ची द्या, पण अकरावं चॅनेल लागेपर्यंत पेन तुमच्याच खिशात असू द्या.