एनसी, एमसीआर, ‘केस मागे घेतो’: पोलीस ठाण्यात आणि कोर्टात या चुका टाळा

हातात शिक्क्याचा कागद पडला की माणूस घरी फोन करतो, ‘एफआयआर झाली.’ पुष्कळदा तो कागद एनसीचा निघतो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. दोन महिन्यांनी फिर्यादी ‘साहेब, तपास कुठवर आला?’ विचारायला जातो, तेव्हा कळतं की तो सुरूच झाला नव्हता. म्हणून ठाण्याची पायरी उतरण्याआधी मथळा आणि कलमं वाचा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या.

‘ही आमची हद्द नाही’ ऐकून परत फिरणं ही दुसरी चूक. गुन्हा दखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाविना पोलीस तपास करू शकतात असा, असेल तर हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर नोंदवता येते. ऑनलाइन माहिती दिली असेल तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. हे हमखास राहून जातं. नोंदवायलाच नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा, तिथेही दाद नाही मिळाली तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. ठाण्यात आवाज चढवून काही हाती लागत नाही, पोच असलेला कागद मात्र पुढे उपयोगी पडतो.

सहीचं थोडं नीट समजून घ्या. फिर्यादीवर सही करायची असते. तपासात साक्षीदार म्हणून दिलेल्या जबाबावर मात्र कायद्यानेच सही घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर कुणीही सांगितलं तरी नाही.

कलमांचे जुने आकडे आता जपून वापरा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि नवं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे! त्या तारखेआधीच्या गुन्ह्याला मात्र जुनी दंडसंहिताच लागते.

‘अजामीनपात्र’ म्हटलं की घरचे हातपाय गाळतात. जामीन मिळतच नाही असा त्याचा अर्थ नाही. तो हक्काने मिळत नाही, कोर्ट ठरवतं, एवढंच. तसंच एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली की रडारड होते. खरं तर पोलीस कोठडी संपली की जामीन अर्जाला वाट मोकळी होते. आणि तारखा मोजा. दोषारोपपत्र ६० दिवसांत (मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत) आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी करावा लागतो. ‘सोमवारी बघू’ म्हणत एका दिवसाने हा हक्क गमावलेले आरोपी असतात.

‘आमचं मिटलं, केस मागे घेतो’ हेही तितकं सोपं नाही. खटला सरकार चालवतं. काही गुन्हे कायद्यानुसार आपसात मिटवता येतात, त्यातल्या काहींना कोर्टाची परवानगी लागते. बाकीच्यांसाठी एफआयआर रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

शेवटचं फिर्यादीसाठी. पोलिसांनी ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली म्हणजे प्रकरण आपोआप बंद होत नाही. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. ‘बी’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. ‘सी’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. अशी समरी मान्य करण्याआधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीचं म्हणणं ऐकायचं असतं. त्याची नोटीस आली तर तारखेला हजर राहा.