दृढीकरणानंतरच्या पोरांना विश्वासात कसं वाढवावं

दृढीकरण (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या पोरानं मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा विधी) झालं, पहिलं प्रभुभोजन झालं, आईवडिलांबरोबर फोटो निघाले, की आपल्या चर्चच्या बहुतेक मंडळ्यांत पोरांचं शिक्षण तिथंच थांबतं. शब्बाथ शाळेसाठी, म्हणजे लहान मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गासाठी, ती मोठी झालेली असतात आणि मोठ्यांच्या बैठकीत त्यांना कोणी बोलू देत नाही. मग ती उपासनेत मागच्या बाकावर बसतात, पुढं गेटाबाहेर गाडीवर बसतात आणि नोकरीला पुण्याला गेली की फक्त नाताळात दिसतात. याला संगीत रात्र किंवा एक दिवसाचं शिबिर हा उपाय नाही. एका मोठ्या माणसानं दोघातिघांना हाताशी धरून, शास्त्र उघडून, बरेच महिने त्यांच्याबरोबर बसलं पाहिजे. मी मिरजेत नर्स म्हणून नोकरी केली. आता घरीच हे काम करते, माझे यजमान सोबत असतात. आम्ही जसं करतो तसं सांगते.

आधी पोरं निवडायची. स्टेजवर छान गाणारी किंवा पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) घरची म्हणून निवडू नका. ज्यांच्या मनात प्रश्न आहेत ती धरा. व्यासपीठावरून जाहीर करू नका, एकेकाला भेटून विचारा. मग त्यांच्या घरी जा, आईच्या हातचा चहा घ्या आणि काय वाचणार, किती वाजता सोडणार हे आईवडिलांसमोर सांगा. मुलीबरोबर बाईनंच बसावं, मुलगे असतील तर घरात आणखी कोणी मोठं असावं, दार उघडं असावं. कोणी काही खाजगी सांगितलं तर ते बाहेर जाऊ देऊ नये. पण कोणाच्या जिवाला किंवा अब्रूला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं.

वेळ त्यांच्या सोयीची. नर्सिंगच्या मुलींना ड्युटी असते, कुपवाड एमआयडीसीत जाणाऱ्यांची शिफ्ट बदलते. वार बदलला तरी चालेल, आठवडा चुकवायचा नाही.

वाचायला बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे मार्कानं लिहिलेली येशूची गोष्ट, घ्या. १६ अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढं सरकते. जूनमध्ये कॉलेजं सुरू झाल्यावर धरलं तर परीक्षा, पाहुणे, आजारपण सगळं धरून दिवाळीच्या सुमारास संपतं. छापील पवित्र शास्त्र प्रत्येकाच्या हातात हवं. मोबाईल आमच्याकडे फ्रिजवर ठेवतात, माझाही. एकानं अख्खा उतारा मोठ्यानं वाचायचा. मग विचारायचं: काय घडलं? येशू इथं कसा दिसतो? आणि या आठवड्यात मला काय करायला लागेल? पहिल्या प्रश्नावर घाई करू नका. पोरांना लगेच धडा सांगायची सवय झालेली असते, आपणच लावलेली. त्यांना परत उताऱ्यात न्या, 'कुठल्या ओवीत (अध्यायातल्या कुठल्या क्रमांकाच्या वाक्यात) दिसलं?' असं विचारा.

नवव्या अध्यायातली एक बैठक सांगते. बाप आपल्या मुलाला शिष्यांकडे आणतो आणि शिष्यांना काही करता येत नाही. मूल जमिनीवर पडतं, तोंडाला फेस येतो, दात खातं, ताठ होतं. नर्सिंगची मुलगी वाचता वाचता थांबली. "मावशी, ही तर फिट. आमच्या वॉर्डात अगदी असंच बघितलंय मी. मग याला भूत का म्हणायचं?" असा प्रश्न आला की 'विश्वास ठेव, शंका घेऊ नको' म्हणून मोकळं होऊ नका. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. मार्कानं जे लिहिलं ते वाचलं, तिनं वॉर्डात जे बघितलं ते ऐकलं. आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगितली, इथंही सांगते: प्रार्थना करा, उपास करा, पण फिटच्या गोळ्या कोणालाही बंद करायला सांगू नका. कोणी प्रार्थनासभेत तसं सांगत असेल तर पोरांनी उठून पाळकांना सांगावं. ज्या मिरजेत डॉक्टर वानलेस यांच्यासारख्या मिशनरी डॉक्टरानं दवाखाना उभा केला, तिथल्या विश्वासणाऱ्यांना औषध आणि प्रार्थना यांचं भांडण लावून देण्याचं काही कारण नाही.

त्या दिवशी शिफ्ट करून आलेला एक मुलगा सबंध वेळ गप्प होता. त्याच्या घरी वडिलांची दारू सुटत नव्हती. शेवटी तो म्हणाला, "त्या शिष्यांसारखंच झालंय आमचं. किती प्रार्थना केली, काय झालं?" मी उत्तर दिलं नाही, बापाचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. विश्वास आणि अविश्वास एकाच दमात, रडत. आणि येशू त्याला 'आधी नीट विश्वास धरून ये' असं म्हणून परत पाठवत नाही, मुलाला हात धरून उठवतो. मुलानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. वडिलांची दारू त्या आठवड्यात सुटली नाही. पण बैठकीला तो येत राहिला, आणि घरातलं बोलायला त्याला जागा मिळाली. असल्या वेळी आपण बोलत सुटलो तर वचनाला बोलायला वाव राहत नाही.

प्रार्थना शिकवताना मोठी अडचण भाषेची येते. पोरं प्रार्थनेला उभी राहिली की मोठ्यांची छापील वाक्यं म्हणतात, 'हे दयाघना' पासून 'आमेन' पर्यंत, आणि स्वतःच्या मनातलं काहीच बोलत नाहीत. त्यांना १३ वं स्तोत्र द्या. सहाच ओव्या आहेत. आधी तक्रार, 'परमेश्वरा, किती वेळ?', मग मागणं, मग भरवसा. याच क्रमानं स्वतःची प्रार्थना वहीत लिहायला सांगा, घरी आईशी बोलतात त्या बोलीत. परीक्षेची भीती, मोडलेली मैत्री, नोकरी न मिळाल्याचा राग, सगळं तिथं येऊ द्या. गाण्याचंही तसंच. इंग्रजी-हिंदी गाणी त्यांना येतातच, म्हणू द्या. पण 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग पेटीवर बसवून घ्या. टिळक तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आले असं स्वतः म्हणत, आणि १९१७ साली सातारला राहायला येऊन त्यांनी 'देवाचा दरबार' हे ख्रिस्ताच्या अनुयायांचं बंधुमंडळ मांडलं. ख्रिस्ताचं नाव घ्यायला आपली मराठी पुरते, हे पोरांना आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या माणसाकडून कळतं.

गणपतीत हमखास प्रश्न येतो: मित्राच्या घरी आरतीला उभं राहायचं का, प्रसाद घ्यायचा का? हुकूम देऊ नका. बायबलमधल्या, प्रेषित पौलानं लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय आणि दहाव्याचा शेवट एकत्र वाचा. समोर वाढलेलं बिनदिक्कत खा असं पौल म्हणतो, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका असंही म्हणतो. आपल्याच मंडळीत यावर दोन मतं आहेत, हे पोरांना ठाऊक असू द्या. माझं म्हणणं एवढंच की नाही म्हणायचं तर नम्रपणे म्हणावं, आणि मित्राच्या देवाबद्दल वेडंवाकडं एक शब्द बोलू नये.

ख्रिस्ती नसलेल्या घरातून विश्वासात आलेला तरुण असेल तर दुप्पट सबुरी ठेवा. फी, नोकरी, दवाखान्याचं बिल यांचा आणि विश्वासाचा संबंध कधीही जोडू नका. सज्ञान नसेल तर आईवडिलांना अंधारात ठेवून काहीही करू नका. बाप्तिस्म्याची घाई नको, ते पाळकांशी बोलून ठरवा. नाव बदलायची गरज नसते. घरातली कामं, आजीचं औषधपाणी, बहिणीच्या लग्नातली धावपळ त्यानं पूर्वीपेक्षा जास्त मनापासून करावी, हे मात्र आवर्जून सांगा.

नुसतं वाचून भागत नाही, काम द्यावं लागतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी ओसरल्यावर आमची पोरं घराघरांतला गाळ काढायला गेली. कोणाचं घर कुठल्या धर्माचं हे कोणी विचारलं नाही. संध्याकाळी चिखलानं माखलेली येऊन बसली तेव्हा येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय वाचला, मला काही समजावून सांगावं लागलं नाही. पूर रोज येत नाही, पण वॉर्डात एकटा पडलेला पेशंट, उपासनेला येऊ न शकणाऱ्या आजी, वाचन करायला रविवारचा पाठ हे कायम असतं. आजींकडे दोघांनी मिळून जावं, एक स्तोत्र वाचावं आणि त्यांचं ऐकून घ्यावं.

मार्क संपला की त्याच पोरांनी आपल्यापेक्षा लहान एकदोघांना घेऊन पहिल्या अध्यायापासून बसायचं. तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल हेच सांगतो: माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना दे, म्हणजे ती इतरांना शिकवतील. पहिल्या दोनतीन बैठकांना तुम्ही कोपऱ्यात बसा, मध्ये बोलू नका. नंतर जाऊही नका, फक्त आठवड्यातून एकदा काय वाचलं ते विचारा.

आणि कोणी पुण्याला किंवा मुंबईला निघालं तर निघायच्या आधीच तिथल्या एखाद्या मंडळीच्या पाळकांशी बोलून ठेवा, खोलीपासून चर्च किती लांब आहे ते बघा, तिथलं एक ओळखीचं घर गाठून द्या. पहिल्या रविवारी संध्याकाळी फोन करून उपासनेला कोणाबरोबर गेलीस आणि जेवलीस कुठं, हे विचारा.