वृक्षतोडीची नोटीस लागल्यावर समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा

रस्तारुंदीकरणासाठी आपल्या भागातील झाडे जाणार असल्याचे कळताच बहुतेक जण आधी संतापाची पोस्ट लिहितात. तो संताप रास्तच असतो. परंतु झाडांचा निर्णय पालिकेच्या वृक्ष प्राधिकरण या समितीच्या बैठकीत होतो आणि तेथे लेखी हरकतच विचारात घेतली जाते. म्हणून फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवर जे काही लिहायचे, ते वाचणाऱ्याने मुदतीत हरकत दाखल करावी या हेतूने लिहावे.

महाराष्ट्रातील शहरांना लागू असलेल्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार तोडीच्या प्रस्तावाची नोटीस झाडावर लावून आणि वर्तमानपत्रात जाहिरात देऊन नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. मुदत मोजक्याच दिवसांची असल्याने नोटीस दिसेल त्याच दिवशी तिचा फोटो काढावा. त्यात तारीख, जावक क्रमांक आणि झाडाचा क्रमांक स्पष्ट वाचता यावा; दुसरा फोटो थोडे मागे जाऊन, शेजारच्या दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब दिसेल असा घ्यावा. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यासोबतची तारीख-वेळेची नोंदही निघून जाते, त्यामुळे सहकाऱ्यांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवून मूळ फाइल जपून ठेवावी.

पोस्ट लहान असावी. उदाहरणार्थ: ‘स्टेशन रस्त्यावरील १७ झाडे तोडण्याची नोटीस लागली आहे. हरकतीची शेवटची तारीख शुक्रवार. उद्या सकाळी ११ वाजता आम्ही उद्यान विभागात आहोत. झाड का राहावे हे आपल्या शब्दांत लिहा, सही करा, दोन प्रती आणा आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.’ यातील ‘आपल्या शब्दांत’ ही सूचना महत्त्वाची आहे. एकाच मजकुराचे दोनशे अर्ज एका फटक्यात निकाली काढता येतात. मात्र बसथांब्यावर सावलीत उभ्या राहणाऱ्या आजी, झाडाखाली बसणारा चांभार आणि फांद्यांवरील बगळ्यांची घरटी दाखवणारा विद्यार्थी यांनी निरनिराळी कारणे मांडली, तर प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे लागते.

समाजमाध्यमांचा एक उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याकडेच सहसा दुर्लक्ष होते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळते, आणि प्रस्तावात झाडाचे वय कमी दाखवले गेले असेल तर ते खोडून काढायला पुरावा लागतो. तो पुरावा लोकांच्या घरातील अल्बममध्ये असतो. गावाच्या किंवा प्रभागाच्या ग्रुपवर आवाहन करावे, की १९७५ पूर्वीची एखादी वरात, गणपतीची मिरवणूक किंवा शाळेची प्रभातफेरी यांचा या रस्त्यावरील फोटो कोणाकडे असल्यास तो मागील बाजूसह स्कॅन करून पाठवावा; मागे लिहिलेली तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का फोटोइतकाच उपयोगी पडतो. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेलेली मंडळी अशा वेळी विशेष मदत करतात.

वेळेचे भान मुंबईतील आरे वसाहतीच्या घटनेतून घ्यावे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तेथील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तोड सुरू झाली. फोनवरून बातमी पसरली, लोक धावून गेले, अनेकांना अटकही झाली. तथापि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने जैसे थे आदेश दिला तो विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन. तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. निकाल जवळ आला असताना वरच्या न्यायालयात जाण्याचा कागद तयार असणे किती आवश्यक आहे, हे यावरून कळते.

खात्री न केलेला मजकूर कधीही पुढे पाठवू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून सर्वत्र फिरत होत्या. झाडांच्या प्रश्नातही दुसऱ्या शहरातील जुना व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरला, की खऱ्या नोटिशीवरचाही विश्वास उडतो. करवत चालवणाऱ्या मजुरांचे चेहरे दाखवू नयेत. ते रोजंदारीवर आलेले असतात आणि निर्णय त्यांचा नसतो. अधिकाऱ्याने पैसे घेतले असे पुराव्याशिवाय लिहिणेही टाळावे, कारण आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ २०१५ मध्ये रद्द झाले असले तरी अब्रुनुकसानीचा कायदा कायम आहे.

व्यवस्थेसाठी दोन ग्रुप पुरतात: केवळ ॲडमिनने सूचना देण्याचा मोठा आणि कामे वाटून घेणाऱ्यांचा लहान.

हरकतींचे काय झाले हे कळत नसेल तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात पाहणी अहवाल आणि बैठकीचे इतिवृत्त मागावे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, म्हणून सुनावणीची वाट न पाहता अर्ज आधीच करावा. मिळालेली पाने ग्रुपवर टाकताना अर्जदारांचे पत्ते व फोन क्रमांक झाकावेत. झाडे तोडली गेलीच, तरी कायद्याने त्यांच्या वयाइतकी नवी झाडे लावणे बंधनकारक आहे. ती कोठे लावली याची यादी मागवून प्रत्येक पावसाळ्यानंतर त्या जागांचे फोटो तारखेसह त्याच ग्रुपवर टाकावेत आणि जेथे रोप नाही, तेथील फोटोसह वृक्ष अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी.