आंब्यावरचं बांडगूळ आणि घरातलं

कोकणातल्या आमच्या हापूसच्या कलमांवर बांडगूळ माजलं होतं. नुसतं ओढून काढलं तर ते पुन्हा फुटतं, कारण त्याची शोषकमुळं फांदीच्या लाकडात शिरलेली असतात. म्हणून बांडगूळ चिकटलेल्या गाठीच्या फूटभर खालून फांदीच करवतीने कापली आणि कापावर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावली: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. (मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नका, प्लास्टिकची बादली घ्या.) हे काम बांडगुळाला फळं धरण्याआधी उरकावं. फुलटोच्यासारखे पक्षी ती फळं खातात आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसतात.

बांडगुळाची पानं हिरवीगार असतात. अन्न ते स्वतः तयार करतं, पाणी आणि क्षार मात्र झाडाचे ओढतं. माझा एक चुलतभाऊ असाच. कमावता, हुशार, पण घराचा हप्ता, मुलाची फी, गाडीची दुरुस्ती, सगळ्यासाठी फोन मलाच. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला आधार लागतो, ते मी यात अजिबात धरत नाही.

रक्कम थोडीथोडी कमी करणं म्हणजे वरची पानं खुडणं. त्यामुळे त्याला समोर बसवून सांगितलं, "अरे, यापुढे पैसे देणार नाही. खर्चाचा हिशेब मांडायचा असेल तर कधीही ये, मी बसतो तुझ्याबरोबर." काही महिने तो बोलला नाही, काकूही रुसली. मला फार जड गेलं ते. मग एका रविवारी वही घेऊन आला. जुनी उधारी मी काढली नाही. हप्ता आता त्याच्या पगारातून जातो.